आवाजाचा मालक कोण?

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वकिलाने बोलावे ते जातीच्या दाखल्यावर, जमिनीच्या वादावर किंवा शिष्यवृत्तीवर. डी. जे. हा का वकिलाने बोलण्याचा विषय आहे? माझे उत्तर असे की होय, आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या कचेरीच्या पायऱ्या चढून आलेल्या आपल्या तरुणांमध्ये या धंद्यातील मुले थोडी नाहीत. कोणी कर्ज काढून साहित्य घेतले आणि ते जप्त झाले. कोणाला बिदागी मिळाली नाही. कोणाची वरात अडविली गेली. आणि काही वेळा आपल्याच वस्तीतील एखादी आजारी म्हातारी तक्रार घेऊन माझ्यासमोर बसली. एकाच धंद्याच्या पोटात हक्कही आहे, अन्यायही आहे आणि अपराधही आहे. म्हणून या तिन्ही गोष्टी नीट वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम डी. जे. म्हणजे काय ते ठरवू. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे माणूस येत नाही, भिंत येते. टेम्पोवर किंवा ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. ‘डी. जे. आला’ असे आपण म्हणतो तेव्हा वाहन आले असे आपल्याला म्हणायचे असते. वस्तुतः हा शब्द माणसाचा आहे. मूळ अर्थाने डी. जे. म्हणजे तबकड्या वाजविणारा, जमलेल्या लोकांपुढे उभा राहून कोणते गीत केव्हा, कोणत्या गीतानंतर आणि किती वेळ वाजवावे हे ठरविणारा माणूस. भिंत ही त्याचे हत्यार आहे. हत्यारालाच कारागिराचे नाव पडले आणि कारागीर विसरला गेला, येथेच आपल्या दुर्दशेचा आरंभ आहे.

हा कारागीर कोठे जन्मला ते पाहा. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यू यॉर्क शहराच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून उत्तरेला नदीपलीकडे ब्रॉन्क्स नावाचा भाग आहे. पुढे त्या भागाच्या मधोमध मोठा महामार्ग काढण्यात आला. हजारो कुटुंबे उठविली गेली. घरे ओस पडली, कित्येक जळाली. मागे राहिले ते बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब लोक. अशा वस्तीत, सेजविक अॅव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतीत, 11 ऑगस्ट 1973 रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक नाचाचा कार्यक्रम ठेवला. हेतू काय होता? शाळा उघडण्याच्या वेळी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमवावे, इतकाच. प्रवेशमूल्य मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह उभा राहिला. हे कुटुंब जमैकाहून आलेले होते, आणि जमैकाच्या रस्त्यांवर मोठे कर्णे लावून गाणी वाजविण्याची रीत त्याने लहानपणी पाहिली होती. कूल हर्क या नावाने पुढे जग त्याला ओळखू लागले. 2023 मध्ये त्याच्या देशातील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या संस्थेने त्याचा गौरव केला.

या तरुणाने विशेष काय केले? त्याने नाचणाऱ्यांकडे पाहिले. त्याच्या ध्यानात आले की गाण्यातील ज्या अल्पशा भागात गायन थांबते आणि केवळ ताल उरतो, त्या भागाची मंडळी वाट पाहत असतात. तो भाग काही क्षणांत संपतो. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एका तबकडीवरचा तालाचा भाग संपला की दुसरीवर तोच भाग सुरू करावयाचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवावयाची. अशा रीतीने त्याने क्षणाचे मिनिट केले. ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या तरुणाने तांत्रिक शाळेत विजेच्या उपकरणांचे शिक्षण घेतले होते. त्याने असा खटका बसविला की पुढची तबकडी लोकांना ऐकू जाण्याआधी ती आपल्या कानातील यंत्रावर एकट्याने ऐकता यावी. आणि 1975 च्या सुमारास थिओडोर नावाचा एक पोरसवदा मुलगा घरी मोठ्याने तबकडी वाजवीत असता आई रागावण्यासाठी दारात आली. त्याने तबकडी हाताने धरून ठेवली, ती पुढे-मागे हलली आणि घासण्याचा एक नवाच नाद निघाला. त्या नादातून पुढे एक स्वतंत्र कला उभी राहिली. या गोष्टीतील आई मला फार महत्त्वाची वाटते. ती ‘आवाज कमी कर’ असे सांगायला आली, मुलाने हात ठेवला, आणि कलेचे नुकसान न होता कलेत भरच पडली.

आता आजच्या कारागिराचे काम कसे चालते ते सांगतो, कारण पालकांना ते ठाऊक नसते आणि म्हणून ते मुलाला एक तर उनाड समजतात किंवा केवळ बटणे दाबणारा समजतात. गाण्याला गती असते. मिनिटाला किती ठोके पडतात यावर ती मोजतात. एक गाणे 118 ठोक्यांचे आणि दुसरे 122 ठोक्यांचे असेल, तर दुसऱ्याची गती किंचित उतरवून दोन्ही जुळवावी लागतात. गती जुळली तरी काम संपत नाही. गाण्याची ओळ जेथे पुरी होते तेथेच दुसऱ्याची ओळ सुरू झाली पाहिजे, नाही तर नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते. दोन्ही गाण्यांचे खर्जातील ठोके एकदम वाजू दिले तर चिखल होतो, म्हणून एकाचा खर्ज उतरवीत दुसऱ्याचा चढवावा लागतो. हे सर्व चालू असताना एका कानाने लोकांना ऐकू येणारे गाणे ऐकावयाचे आणि दुसऱ्या कानाने अजून न आलेले गाणे ऐकावयाचे. हे काम अभ्यासाचे आहे.

परंतु हाताच्या कामाहून मोठे काम डोळ्यांचे आहे. माझ्या एका तरुण अशिलाने ते मला शिकविले. तो म्हणाला, “साहेब, मी मधल्या घोळक्याकडे पाहत नाही. मधली पोरं काहीही लावलं तरी नाचतात. मी कडेला पाहतो.” कडेला बायका मुलांना घेऊन उभ्या असतात. त्या मागे सरकू लागल्या की आवाज फार झाला असे समजावे. त्या पुढे आल्या की गाणे योग्य आहे असे समजावे. म्हातारा माणूस कानावर हात ठेवतो की टाळ्या वाजवितो, हे पाहावे. अर्धा तास जोराचे लावले तर दहा मिनिटे श्वास घेऊ देणारे लावावे. वामनदादा कर्डकांचे गीत लावावयाचे तर शब्द ऐकू आले पाहिजेत, कारण त्या गीतात विचार आहे. शब्द खर्जाखाली गाडले तर ते गीत लावून उपयोग काय? बंधूंनो, वक्त्याचे शास्त्र याहून निराळे नाही. मीही न्यायालयात उभा राहिलो की न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे पाहून युक्तिवाद आवरतो. जो समूहापुढे उभा राहतो त्याने आधी समूहाचे ऐकले पाहिजे.

येथे मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. कायद्याच्या महाविद्यालयात शिकत असताना मी आमच्या वस्तीच्या उत्सव समितीत होतो. जयंतीच्या रात्री आम्ही कर्णे चाळीच्या एका खिडकीखाली उभे केले. त्या खोलीत नुकतीच बाळंत झालेली बाई होती. तिची आई खाली आली आणि हात जोडून म्हणाली, “लेकरा, थोडं पुढं न्या रे. बाळ दचकून दचकून रडतंय.” मी तिला काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, “आजी, वर्षातून एकदा आमचा दिवस असतो.” ती काही न बोलता परत गेली. पुढे कित्येक दिवस मला तिचा चेहरा आठवत राहिला. ‘आमचा दिवस’ असे मी तिला सांगितले, म्हणजे तो दिवस तिचा नव्हता काय? ज्या दिवशी ती पोर जन्माला आली तो दिवस बाबासाहेबांच्या कार्याचे फळ नव्हता काय? ज्या माणसाने आम्हाला माणूस म्हणून वागविण्याचा हक्क मिळवून दिला, त्याच्याच नावाने मी एका दुर्बळ माणसाचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला होता. दुसऱ्याचे न ऐकणे हा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला अधिकार मानला त्यांच्या पंक्तीला मी त्या रात्री जाऊन बसलो.

आता शरीराचा विचार करू. आवाज डेसिबल या मापाने मोजतात. हे माप सरळ चढत नाही. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, 20 वाढले की शंभरपट, 30 वाढले की हजारपट. कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जाणारा एक प्रमाणित हिशेब असा आहे की 85 डेसिबल आवाजात आठ तास राहावे, आणि दर 3 डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी करावी. 88 ला चार तास, 91 ला दोन तास, 94 ला एक तास, आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी जे मानक दिले त्यात सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा सांगितली आहे. आता विचार करा, भिंतीच्या पायाशी सहा तास उभा राहणारा मुलगा कोण असतो? तो तुमचाच मुलगा असतो. मिरवणूक संपल्यावर त्याच्या कानात शिट्टी वाजत राहते आणि तो ते हसण्यावारी नेतो. ती शिट्टी म्हणजे इशारा आहे. त्याला कानात घालावयाचे संरक्षक बोळे घेऊन द्या. पुढे ऐकू आले नाही तर त्याचा धंदाही गेला आणि कलाही गेली.

कायदा काय सांगतो? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 साली अंमलात आले. त्यांतील मुख्य गोष्टी अशा. पहिली, लेखी परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दुसरी, रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर तो बंद असला पाहिजे. राज्य शासनाला सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून एकंदर 15 दिवसांपर्यंत रात्री 12 पर्यंत सवलत देता येते, परंतु ते दिवस शासन ठरविते, समिती ठरवीत नाही. तिसरी, राहत्या वस्तीत आवाजाचे प्रमाण दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ते दिवसा 50 आणि रात्री 40. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या सभोवतीचे 100 मीटरपर्यंतचे अंतर शांतता क्षेत्र ठरू शकते. चौथी, सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या प्रमाणापेक्षा 10 डेसिबलहून अधिक किंवा 75 डेसिबलहून अधिक, यांतील जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. म्हणजे राहत्या वस्तीत दिवसा 65.

सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात या प्रश्नाचा मूळ सिद्धांत सांगितला. संविधानाच्या अनुच्छेद 19 ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण ज्याला ऐकावयाचे नाही त्याला बळाने ऐकविण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण अनुच्छेद 21 ने त्यालाही शांतपणे जगण्याचा हक्क दिला आहे. त्याआधी, 2000 साली, त्याच न्यायालयाने एका प्रार्थनास्थळाच्या खटल्यात म्हटले होते की दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. हा नियम सर्व धर्मांना सारखा आहे. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “इतरांच्या उत्सवात पोलीस डोळेझाक करतात आणि आमच्यावरच का येतात?” ही तक्रार पुष्कळ वेळा खरी असते. परंतु तिचे उत्तर आपणही नियम मोडावा हे नव्हे. ज्याचे स्वतःचे कागद चोख आहेत, त्यालाच दुसऱ्याच्या पक्षपातावर बोट ठेवता येते. माझ्या वीस वर्षांच्या वकिलीचा हा निचोड आहे.

ज्या अशिलाचा उल्लेख मी केला त्याची हकीकत ऐका. त्याने व्याजाने पैसे काढून कर्णे, अॅम्प्लिफायर आणि मिक्सर घेतले. एका मिरवणुकीच्या रात्री दहा वाजता त्याने आवाज उतरविला. आयोजक म्हणाले, “तू वाजव, आम्ही बघून घेतो.” पोलीस आले तेव्हा ते बघून घेणारे कोठेच दिसले नाहीत. गुन्हा या मुलावर नोंदला गेला, साहित्य ठाण्याच्या आवारात उघड्यावर पडले आणि वरून पावसाळा सुरू झाला. तो माझ्याकडे आला तोपर्यंत कर्ण्यांचे कागदी पडदे कुजू लागले होते आणि हप्ते थकले होते. जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण सडत ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात 2002 सालीच सांगितले आहे. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 आणि 503 मध्ये आहे. आम्ही अर्ज केला आणि हमीपत्रावर साहित्य परत मिळाले. पण जे कुजले ते कुजलेच. तो दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला असता, तर एवढे नुकसान झाले नसते. हा कलमांचा आकडा घरी लिहून ठेवा.

यावरून काय शिकावे? या धंद्यात तोंडी शब्दावर पाऊल टाकू नये. पूर्वी गावगाड्यात आपल्यापैकी कित्येकांना वाजविण्याचे काम जन्माने मिळत असे. दुसऱ्याच्या मिरवणुकीपुढे वाजवावयाचे, देतील ते घ्यावयाचे आणि देवळाच्या पायरीशी थांबावयाचे. ती चाकरी होती. आज तुमचा मुलगा वाजवितो तो कराराने वाजवितो. मग करार कागदावर असू द्या. वेळ किती वाजता संपणार, परवानगी कोणी काढावयाची, तिची प्रत वाहनात असणार की नाही, आगाऊ रक्कम किती, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे लक्ष कोणी ठेवावयाचे, साहित्य जप्त झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, आणि सर्वांत मोठे कलम हे की आवाजाची खुंटी कोणाच्या हाती राहील. ती वाजविणाऱ्याच्याच हाती राहिली पाहिजे. जो शिक्षा भोगणार त्याच्या हाती निर्णय नाही, ही जुनी गुलामगिरीच नव्या वेषात आली असे समजा.

गीतांच्या हक्कांबद्दलही दोन शब्द सांगतो. गीतात शब्द आणि चाल यांचे मालक वेगळे असू शकतात आणि ध्वनिमुद्रणाचा मालक आणखी वेगळा. तिकीट लावून कार्यक्रम केला तर परवाना काढावा लागतो. परंतु स्वामित्वहक्क कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ यांचा स्पष्ट समावेश केला आहे. वरातीत वाजविल्याबद्दल कोणी पैसे मागू लागला तर घाबरून खिशात हात घालू नका, हे कलम दाखवा.

वरातीचा विषय निघाला म्हणून शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा सांगतो. काही गावांत आजही आपल्या वरातीला अडविले जाते. कारण आवाजाचे सांगतात. पण खरे कारण आवाज नसून, तो कोणाच्या दारावरून गेला हे असते. ही दोन कारणे ओळखावयास शिका. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि ती 26 जानेवारी 2016 पासून अंमलात आली. सार्वजनिक जागी लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर वा वाहनावर बसण्यास जातीवरून अडथळा करणे हा तिने स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला. तुम्ही धम्म स्वीकारला म्हणून हे संरक्षण गेले असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या आदेशात स्थान मिळाले आहे. मात्र त्या दिवशी परवानगीचा कागद तुमच्या हाती असला पाहिजे आणि घड्याळ तुमच्या बाजूचे असले पाहिजे. रात्री साडेबारा वाजता अडविलेल्या वरातीचा खटला आणि सायंकाळी सात वाजता अडविलेल्या वरातीचा खटला यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पहिल्यात विरोधी वकील जातीचा शब्दही न काढता आवाजावर बोलत राहील. दुसऱ्यात त्याला लपावयास जागा उरत नाही.

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले होते, हे तुम्ही ऐकले असेल. तार फार ताणली तर सूर निघत नाही आणि फार सैल सोडली तरी निघत नाही. ज्या तरुणाच्या हाती आज मिक्सर आहे त्याने हे उदाहरण आपल्या खुंटीपाशी लिहून ठेवावे. आणि आयांनो, तुम्हाला माझी विनंती आहे. मुलाचा हा धंदा हलका समजू नका. त्याला हिशेब लिहावयास शिकवा, करारावर सही केल्यावाचून वाहन हलवू नको असे सांगा, आणि आवाज फार झाला तर त्या ब्रॉन्क्समधील आईप्रमाणे दारात जाऊन उभ्या राहा. उत्सव समितीतील पुरुषांनी त्या वेळी मी दिलेले उत्तर देऊ नये.

आवाजाचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर मी आता देतो. ज्याच्यापाशी मोठी भिंत आहे तो आवाजाचा मालक नव्हे, आणि ज्याने पैसे मोजले तोही नव्हे. ज्याला तो केव्हा चढवावा आणि केव्हा उतरवावा हे कळते, आणि खालून हात जोडून आलेल्या आजीचे ज्याला ऐकू येते, तोच आवाजाचा मालक होय. आपल्या पूर्वजांना बोलण्याची बंदी होती. आपल्याला आवाज मिळाला आहे. तो मालकासारखा वापरू या.

जय भीम.